हात पसरण्यापूर्वी: कोर्कोवादोच्या एकदिवसीय सहलीची प्रयोगवही

उद्देश

रिओ दि जानेरो शहरातल्या कोर्कोवादो डोंगरावर जाऊन, तिथला क्राइस्ट द रिडीमर हा पुतळा पाहून, दोन्ही हात पसरून, फोटो काढून जेवणाच्या वेळेपर्यंत बसमध्ये परत येणे.

यातली सर्व कामे नवशिक्याला सहज जमतात. 'पाहून' एवढे सोडून. त्याचे कारण पुढे येईल.

साहित्य

पासपोर्ट, व्हिसा, टोपी, पाण्याची बाटली हे टूर कंपनी तुम्हाला इतक्या वेळा सांगते की ते विसरणे शक्य नाही. विसरले जाते ते पीतज्वराच्या लशीचे पिवळे पुस्तक. ही लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिची खरी झडती ब्राझीलमध्ये होत नाही, परत येताना आपल्याच विमानतळावर होते. पुस्तक नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ब्राझील हसत आत घेतो, घरी शिरायला मात्र दाखला लागतो.

खाण्याच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक काकू अशा असतात ज्यांची चतुर्थी नेमकी रिओत येते. त्या साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाट्याचा कीस आणि सुक्या मिरच्या घेऊन निघतात, 'तिकडे कुठे मिळणार' म्हणून. या चारही वस्तूंचे माहेर अटलांटिकपलीकडचेच. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा तर ब्राझीलच्या बाजूचा, आणि तिथे तो घरोघरी खातात. काकू खिचडीला माहेरी घेऊन चालल्या आहेत. हे त्यांना सांगू नये. सांगितल्यास उपवास मोडतो की काय, अशी शंका निघते आणि बस सुटायला उशीर होतो.

कृती

सकाळी उठल्यावर डोंगर दिसेल अशा जागी जाऊन वर पाहावे. माथा दिसत असेल तर उत्तम. दिसत नसेल तर गाईडला विचारावे. तो म्हणेल, "पाच मिनिटांत जाईल."

गाईडच्या पाच मिनिटांबद्दल त्याला दोष देऊ नये. समुद्रावरून येणारी दमट हवा या डोंगराला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिचा ढग बनतो. म्हणजे सुमारे ७१० मीटर उंचीचा हा सुळका आपला ढग आपणच तयार करतो, आणि एक गेला की दुसरा काढतो. तिकिटावर वेळ छापलेली असते, ढगावर नसते. १२ ऑक्टोबर १९३१ रोजी पुतळ्याचे उद्घाटन झाले तेव्हा रेडिओवाल्या मार्कोनीने इटलीत बसून बटण दाबायचे आणि इकडे डोंगरावर दिवे लागायचे असा थाटाचा बेत होता. त्या दिवशीही हवेने घोळ घातला आणि शेवटी दिवे रिओतूनच लावावे लागले, असे सांगतात. जिथे मार्कोनीचे चालले नाही तिथे साडेआठच्या स्लॉटवाल्या ग्रुपने हट्ट धरू नये.

त्यातल्या त्यात सकाळची वेळ मागून घ्यावी. पुतळ्याचे तोंड पूर्वेला आहे. सकाळी चेहऱ्यावर ऊन असते, दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि तुमच्या फोटोत एक भव्य काळी आकृती येते.

कोस्मे वेल्यो स्थानकातून दातेरी रुळांची गाडी सुटते. चढण पावणेचार किलोमीटरची, वेळ वीस मिनिटांच्या आसपास. 'अगदी आपल्या माथेरानसारखी' हे वाक्य कुणीतरी उच्चारणार आहेच, तर ते पहिल्याच वळणावर उच्चारून मोकळे व्हावे. नेरळहून माथेरानला गाडी गेली १९०७ साली. ही १८८४ साली सुरू झाली आणि तिचे उद्घाटन ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याने केले. तेव्हा वर पुतळा नव्हता. पुतळ्याचे काम सुरू व्हायलाच अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. राजापासून रंकापर्यंत सगळे वर जात होते ते खालचे शहर बघायला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

चढताना उजवीकडे बसावे असे सगळी मार्गदर्शक पुस्तके सांगतात. त्यामुळे उजवीकडे जागा मिळत नाही. वाईट वाटून घेऊ नये, डावीकडे जंगल आहे, आणि या जंगलाकडे गाडीतले बहुतेक लोक पाहतच नाहीत. तिजूकाचे हे रान आदिम वाटते, पण त्याचा बराच भाग हाताने लावलेला आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी हे डोंगर पार बोडके केले गेले, झरे आटले, खाली शहराला पाणी पुरेना. मग १८६१ पासून मेजर आर्शर नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पुन्हा झाडे लावायला सुरुवात झाली. प्रत्यक्ष खड्डे खणणारे हात गुलामांचे होते. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे ही गाडी सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी. गाडीत कधी कधी सांबा वाजवणारी टोळी चढते. ती चढली तर हे सगळे विसरायला होते, आणि ग्रुपमधल्या वहिनी नाचायला उठल्या की जागाही मिळते.

मध्येच एक ओळखीचा वास येईल. नाकावर विश्वास ठेवावा. तो फणसच आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलचा काजू गोव्यात आणला आणि आपल्या किनाऱ्यांवरचा फणस ब्राझीलला नेला. काजूने गोव्यात फेणी दिली आणि मान मिळवला. फणसाने तिजूकात इतका गोतावळा वाढवला की वनशास्त्रज्ञ त्याला उपटसुंभ म्हणतात आणि तो आवरण्याच्या मागे आहेत. ग्रुपमधले कोकणातले काका या वार्तेने दुखावतील. त्यांना सांभाळून घ्यावे.

गाडीतून उतरल्यावर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. ते २००३ च्या सुमारास आले, त्याआधी दोनशेवीसच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. पायऱ्या अजून आहेत. गुडघे धड असतील तर पायऱ्यांनीच जावे. सरकत्या जिन्याने गेलेला माणूस पुतळ्याच्या पायाशी एकदम उगवतो. पायऱ्यांवरून जाताना निदान पाठ, बाही, कान असा क्रम लागतो.

आता मुख्य भाग, फोटो. वरची फरसबंदी जागा एखाद्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयाच्या अंगणाएवढी, आणि माणसे मात्र तीन लग्नांची. पुतळा ३० मीटर, खालचा चौथरा ८ मीटर, पसरलेल्या हातांची रुंदी २८ मीटर. हे सगळे तुमच्यासकट एका चौकटीत उभे राहून मावत नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याने जमिनीवर पाठ टेकायची असते. पद्धत अशी:

"अहो, जरा खाली झोपा ना."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"ते बघा, तो जर्मन झोपलाय. त्याला काही झालं?"

अहोंनी झोपावे. डोक्याखाली टोपी घ्यावी. वहिनींनी हात पसरावे, पण शेजारच्याच्या डोळ्यात बोट जाणार नाही इतकेच. सगळे तीच पोझ घेतात म्हणून काही शहाणे हात खिशात घालून उभे राहतात. त्यांचा फोटो बँकेच्या रांगेत काढल्यासारखा येतो, तेव्हा मुकाट्याने पसरावे. आधीच्याचा फोटो होईपर्यंत मध्ये येऊ नये, हा नियम सर्व देशांच्या लोकांना मान्य आहे आणि सर्व देशांचे लोक तो मोडतात.

गाईडने दिलेल्या वेळेतला बहुतेक वेळ इथे संपतो. उरलेल्यात चौथऱ्याच्या मागच्या बाजूला जावे. तिथे एक लहान प्रार्थनामंदिर आहे, ब्राझीलची संरक्षक माता मानल्या जाणाऱ्या आपारेसिदा मातेचे. २००६ पासून तिथे रीतसर लग्ने आणि बारशी होतात. बाहेर शेकडो लोक हात पसरत असताना आत चार माणसे हात जोडून बसलेली असतात. फोन खिशात ठेवून आत जावे.

निरीक्षण

वर पोहोचलेल्या माणसाला पुतळ्याचे काय दिसते? झग्याच्या चुण्या, हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या. चेहरा रोमानियन शिल्पकार लेओनिदा याने घडवला, तो इथून नीट दिसत नाही. सबंध अंगावर साबणदगडाच्या लहान लहान त्रिकोणी तुकड्यांची कातडी आहे, तीही मान दुखेपर्यंत बघितली तरच कळते. ते तुकडे बायकांनी बसून कापडावर चिकटवले, आणि चिकटवण्याआधी कितीतरी जणींनी मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावे लिहिली. ती तर कुणालाच दिसायची नाहीत.

याचा दोष पुतळ्याकडे जात नाही. एइतोर दा सिल्वा कोस्ता या इंजिनियरने तो जवळून पाहण्यासाठी केलाच नव्हता. आधीच्या आराखड्यात येशूच्या एका हातात मोठा क्रूस आणि दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल होता. रिओच्या लोकांनी त्याला लगेच 'चेंडूवाला ख्रिस्त' म्हणायला सुरुवात केली. फुटबॉलवेड्या शहरात दुसरे काय होणार? मग गोल गेला, क्रूस गेला आणि हात पसरलेला माणूसच क्रूस झाला. कोसभर अंतरावरून, बाजारातून, टेकड्यांवरच्या वस्त्यांतून, होडीतून कुणालाही तो ओळखू यावा, हा हिशेब होता. पॅरिसमध्ये शिल्पकार लँडोव्स्कीच्या कार्यशाळेत घडवलेले डोके आणि हात, आतला काँक्रीटचा सांगाडा, सगळी मेहनत खालून वर बघणाऱ्यासाठी. आणि आपण पैसे भरून, रांग लावून, पुतळा जिथून सर्वांत कमी दिसतो नेमक्या त्या जागी जातो.

म्हणून वर गेल्यावर सम्राट पेद्रोच्या प्रजेने जे केले तेच करावे. पुतळ्याकडे पाठ करून कठड्याशी उभे राहावे. समोर बोताफोगो उपसागराचा अर्धगोल आणि त्यापलीकडे शुगरलोफचा सुळका. पुतळ्याच्या उजव्या हाताच्या दिशेला लागोआचे तळे, इपानेमा, महागडी घरे. डाव्या हाताच्या बाजूला, दूर, माराकाना स्टेडियमची ताटली आणि तिच्यापुढे पसरत गेलेले कामकरी शहर. इतके शहाणपणाने डोंगर, पाणी आणि वस्ती एकमेकांत घातलेले शहर मला दुसरे माहीत नाही. ढग आला तर यातले काहीही दिसत नाही. तेव्हा शेजारच्याशी गप्पा माराव्यात, तोही इतक्या लांबून आलेला असतो.

पुतळा पाहायचा राहिला असेल तर तो संध्याकाळी शुगरलोफवरून पाहावा. तिथला रोपवे १९१२ पासून आहे, आणि दिवस मावळताना पश्चिमेला कोर्कोवादोवरची ती आकृती अख्खी, हातांसकट, लहानशी दिसते. अहोंना झोपावे लागत नाही. टूरच्या पत्रकात ही जागा 'वेळ उरल्यास' या सदरात टाकलेली असते. वेळ उरवावा.

दक्षता

१. डोंगरावर क्वाती नावाचा लांब नाकाचा, पट्टेरी शेपटीचा प्राणी हिंडतो. तो गोड दिसतो. चकलीची पिशवी उघडल्याचा आवाज त्याला फार लांबून येतो.

२. आभाळ गडगडू लागले की खाली उतरावे. जानेवारी २०१४ मध्ये वीज पडून पुतळ्याच्या उजव्या अंगठ्याचे टोक उडाले. त्याला विजेचे संरक्षण होते, तुमच्याकडे सेल्फी स्टिक आहे.

३. दुपारचे जेवण बहुधा वजनावर मिळते. ताट भरायचे, काट्यावर ठेवायचे, ग्रॅमप्रमाणे पैसे. भात जड, पालेभाजी हलकी. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचे मांस असण्याचा पुष्कळ संभव असतो, शाकाहारी मंडळींनी वाढून घेण्याआधी विचारावे. वाढून घेतल्यावर विचारण्याची पद्धत आहे, ती टाळावी.

४. बस सुटण्यापूर्वी माणसे मोजली जातात. एक कमी भरतो. टूर मॅनेजरने घाबरून मेगाफोन काढू नये. ते कोकणातले काका असतात, आणि ते रस्त्याकडेच्या फणसाखाली सापडतात. समोर एक ब्राझीलियन माळी. काका हातवारे करून विचारत असतात, कापा की बरका? ब्राझीलमध्येही फणसाच्या घट्ट गऱ्यांची आणि मऊ गऱ्यांची अशा दोन जाती मानतात, त्यामुळे माळ्याला प्रश्न बरोबर कळलेला असतो. तो दोन बोटांनी हवेत काहीतरी दाबून दाखवतो. काका ओरडून बसला सांगतात, "बरका आहे हो!" मग काकांना आत घ्यावे, आणि फणस आत घेऊ देऊ नये. एसी बस आहे.