बाहेर हेच केवढ्याला आहे, ठाऊक आहे?

आमच्याकडे बारसं असो, डोहाळजेवण असो, गणपती असोत की कुणाचा नुसता वाढदिवस असो, सजावटीचा विषय निघाला की आत्या म्हणते, "विकत कशाला आणायची? घरीच करू." एवढं म्हणून झालं की आत्याचं काम संपतं. करतात नाना. आणि धरतो मी.

या धरण्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून सांगतो. घरगुती सजावटीत एक कलाकार असतो आणि एक धरणारा असतो. शिडी धर. टेपचं दुसरं टोक धर. हे वाळेपर्यंत असंच धर, हलू नकोस. डिंक वाळायला किती वेळ लागतो हे डबीवर छापलेलं असतं. तेवढ्या वेळात धरणाऱ्याचं नाक खाजलं तर काय करायचं, हे छापलेलं नसतं. कौतुकाच्या वेळी पाहुणे नानांच्या पाठीवर थाप मारतात आणि मला म्हणतात, "तुम्हीही होतात का मदतीला? वा!"

घरी करण्याचं मुख्य कारण अर्थातच काटकसर. नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे हिशेब चोख असतो. फक्त त्याची पद्धत त्यांची स्वतःची आहे. दुकानातून जे आणलं तेवढाच खर्च, घरातून घेतलं ते फुकट. म्हणजे वहिनीची पैठणी फुकट, आईची चांगली कात्री फुकट (पुठ्ठा कापल्यानंतर ती कात्री नुसती नावाला उरते), माझी रजा फुकट. शेजारच्या काकांची शिडी तर फुकटातली फुकट, मग ती परत करताना त्यांच्या मुलाचे अमेरिकेतले फोटो तासभर बघावे लागले तरी. पुण्याच्या बोहरी आळीत जायचं-यायचं रिक्षाभाडं 'तसंही आपण तिकडे जाणारच होतो' या सदरात पडतं. तिथून टिकल्या, लेस, घोटीव कागद आणायला गेलेला माणूस पितळी समई, सहा डबे आणि भाजणीसाठी चाळण घेऊन येतो. तेही सजावटीच्या खात्यावर पडत नाही. शेवटी नाना कागदावर एक आकडा लिहितात, त्याखाली दोन रेघा ओढतात आणि विचारतात, "बाहेर हेच केवढ्याला आहे, ठाऊक आहे?" कुणालाच ठाऊक नसतं. बाहेर 'हेच' मिळत नाही, ही त्यातली खरी अडचण.

नानांचा सुवर्णकाळ थर्माकोलचा. निक्रोमच्या तारेतून वीज सोडून ती तापवायची आणि लोण्यातून सुरी जावी तशी थर्माकोलमधून फिरवायची, हे तंत्र त्यांनी आमच्या गॅलरीत बसवलं होतं. महिरपी, खांब, जाळ्या, हत्ती असं बरंच काही तिथून बाहेर पडलं. हत्तींना नंतर नंतर सोंड असायची. पांढरे मणी घरभर उडत. झाडू जवळ नेला की ते पळून जात आणि झाडू उचलला की त्यालाच चिकटून वर येत. एका वर्षी हरितालिकेच्या रात्री नानांना वाटलं, नुसतं पांढरं देऊळ भकास दिसतंय, त्याला सोनेरी झळाळी हवी. त्यांनी स्प्रे पेंटचा डबा हलवला आणि फवारला. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात बहुतेक सगळी हवाच. आणि स्प्रे पेंटमधल्या द्रावकात ते विरघळतं. आमच्या डोळ्यांदेखत कळस आत बसला, खांबांवर खड्डे पडले आणि एक हत्ती गुडघ्यांवर आला. मी त्या वेळी मागची भिंत धरून उभा होतो. हातातली भिंत हळूहळू हलकी होत गेली. नाना मिनिटभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हेमाडपंती आहे. भग्न." दुसऱ्या दिवशी आरतीला आलेल्या प्रत्येकाने डोळे विस्फारून विचारलं, "हे इतकं जुनं कसं काय दाखवलंत हो?" नाना म्हणाले, "सवय लागते."

पुढे मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आणली. निदान त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट द्या, असं म्हणत थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले. तीही मिळाली नाही. विसर्जनानंतर नदीकाठी तरंगणारे खांब आणि कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना निर्णय पटायला वेळ लागला नाही. नानांना लागला. आठवडाभर ते गॅलरीत जाऊन त्या तारेकडे बघत. मग एके दिवशी शेजारी फ्रिज आला आणि फ्रिजबरोबर खोकं आलं. नानांच्या आयुष्यात पुठ्ठ्याचं पर्व सुरू झालं.

तेव्हापासून आमच्या घरात खोकं फेकायचं नाही. कुरिअरचं खोकं आलं की आतली वस्तू बाजूला ठेवून आधी ते हलक्या हाताने उलगडलं जातं आणि मापं घेऊन माळ्यावर जातं. मध्यंतरी मिक्सर बिघडला. दुरुस्त होत होता; दुकानदार स्वतः तसं म्हणाला. पण नव्या मिक्सरचं खोकं नंदीच्या मापाचं होतं. नवा मिक्सर आला. सजावटीच्या हिशेबात नंदी बिनखर्चाचा म्हणून नोंदवला गेला.

'टाकाऊतून टिकाऊ' हा मंत्र आपल्याकडे मासिकांच्या पानापानांतून रुजला. आत्याच्या लग्नात रुखवतात काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला होता. घरी वर्षभर जळलेल्या काड्या जमवून, काळी टोकं ब्लेडने उडवून तो केला होता, असं ती अभिमानाने सांगते. शेजारी साखरेचं तुळशीवृंदावन आणि सुपारीचे भटजी बसवले होते. परवा तिला तसाच बंगला नातीसाठी करायचा होता. पण घरात काड्या जळतात कुठे? गॅसला लायटर आला. तेव्हा आम्ही दुकानात गेलो, तर तिथे गूल नसलेल्या काड्या रंगीत पाकिटांत तयार. शेजारी आईस्क्रीमच्या न चोखलेल्या काड्या. त्याच्या शेजारी रिकाम्या बाटल्या, सुतळी, वाळकी पानं आणि 'जुना दिसणारा' कागद. टाकाऊ माल करकरीत नवा मिळत होता, आणि स्वस्तही नव्हता. आत्या म्हणाली, "आमच्या वेळी हे फुकट होतं." दुकानदार म्हणाला, "आजी, आमच्याही वेळी होतं."

सणांतली सगळ्यात कष्टाची घरगुती सजावट मात्र अंगावर घालायची असते. हलव्याचे दागिने. आत्या हलवा घरी करते. कढईत तीळ किंवा खसखस मंद आचेवर घ्यायची, पाक चमचा-चमचा सोडायचा आणि हाताने सतत हलवत राहायचं. थरावर थर सुकत जातो आणि दाण्याला काटा फुटतो. घाई केली की गोळा होतो. हवा दमट असली की काटा रुसतो. मग ते दाणे ओवून, पुठ्ठ्यावर बसवून तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा, गजरा आणि जावयाला हार-घड्याळ. पहिल्या संक्रांतीला आमची नवी सून काळ्या साडीवर हे सगळं लेवून उभी राहिली तेव्हा खरोखर डोळ्यांचं पारणं फिटलं. फक्त तिला वाकायचं नव्हतं, बसायचं नव्हतं आणि मान वळवायची नव्हती. तासाभरात पोरगी रडकुंडीला आली. इतकी वर्षं धरण्याचं काम मी एकटा करत होतो. त्या दिवशी मला सोबत मिळाली. फोटो चालू असतानाच मुंग्यांनी कमरपट्टा गाठला. जावयाचं घड्याळ तर कुणा भाच्याने खाऊनच टाकलं.

वाढदिवसाची सजावट हा त्या मानाने साधा विषय, असा माझा समज होता. पूर्वी क्रेप कागदाच्या पट्ट्या पिळून खोलीच्या चारी कोपऱ्यांतून मध्यभागी आणायच्या आणि पंख्याला बांधायच्या, अशी रीत होती. माझा वाढदिवस मे महिन्यात येतो. त्यामुळे माझ्या लहानपणच्या सगळ्या फोटोंत पाहुणे घामाने निथळताना दिसतात आणि भिंतीवरच्या बटणापाशी काका पहारा देत उभे असतात. आता पट्ट्या गेल्या, चंदेरी फुग्यांची अक्षरं आली. ती भिंतीला दुहेरी टेपने लावतात. नातीच्या वाढदिवसाला 'हॅपी बर्थडे' झकास लागलं. दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा अक्षरांबरोबर भिंतीचा रंगही आला. अक्षर तितके पोपडे. एका फुग्यात चमकी भरलेली होती, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. ती अजून पोह्यांत सापडते.

पोपडे झाकायला नानांनी भिंतीवर वारली चित्रं काढायची ठरवली. नाचणारी माणसं कुठे असावीत, हे चित्रकलेने ठरवलं नाही, पोपड्यांनी ठरवलं. त्यामुळे आमच्या तारप्याच्या नाचात तिघे जण रांग सोडून थेट खिडकीकडे निघालेत. इथे जरा गंभीरपणे सांगायचं, तर घरच्या कार्याची घरीच केलेली सजावट म्हणजे काय, हे वारली बायकांकडून शिकावं. लग्नघरात सुवासिनी चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, प्राणी, माणसं. सामान काय, तर गेरू दिलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. पुढे जिव्या सोमा म्हशे यांनी हीच कला कागदावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नानांनी पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, तीन ब्रश आणि गेरूच्या छटेचा डबा आणला. त्याचं बिल भिंतदुरुस्तीत दाखवलं.

तीच गोष्ट कोकणातल्या मावशीकडची. तळकोकणात आणि गोव्यात गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, लालभडक कवंडळं, आगीच्या ज्वाळेसारखी कळलावीची फुलं, असा सगळा थाट असतो. कुठे काय उगवतं आणि कधी पिकतं हे ज्याला कळतं, त्याला पैसा लागत नाही. बाकीच्यांसाठी म्हापशाला चतुर्थीआधी माटोळीचा बाजार भरतो. रानात चालत जायचा कंटाळा असेल, तर रान तिथे नगावर मिळतं. मावशीने मात्र मला पहाटे रानात नेलं. कवंडळं तिने काढली. वेल मी धरला.

सगळा खर्च लिहून काढला तर एक आकाशकंदील तेवढा खरोखर स्वस्तात पडतो, हे मी नानांचा विरोधी पक्ष म्हणून कबूल करतो. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणायच्या. सारख्या मापाच्या चोवीस. त्यांचे सहा चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडत न्यायचे. बारा कोपरे जुळले की मधल्या रिकाम्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कुणी बांधत नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत भूमिती इतकी कंटाळवाणी का होती, हा प्रश्न मला पडला. एक कामटी बोटभर कमी पडली, तर मात्र सगळा कंदील कलतो आणि वर्षभर शेजाऱ्यांच्या गॅलरीत डोकावतो. कागद चिकटवायला मैद्याची खळ, तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं फिरकत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या भांड्याला आजी पुन्हा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. ते भांडं अजून आहे, काठावर निळसर. नाना कंदील बांधतात तेव्हा बोलत नाहीत, हिशेब करत नाहीत, मलाही काही धरायला सांगत नाहीत. दोऱ्याचं एक टोक दातांत धरतात. खालच्या झिरमिळ्या आत्या कापते. होय, हलव्याखेरीज तीही काम करते, वर्षातून एकदा. दिवा लागला की गल्लीतली पोरं वर बघतात, एवढं मी पाहिलेलं आहे. बाहेर तो कितीला मिळतो, हे तेव्हा कुणीच विचारत नाही.

बाकी सगळं महाग आहे. आमच्या माळ्यावर आता थर्माकोलचे हत्ती नाहीत, पण खोकी इतकी झाली आहेत, की दिवाळीचे फराळाचे डबे खाली उतरवायला जागा उरलेली नाही. तेव्हा पुण्यात कुणाकडे कार्य असेल, तर खोकी घेऊन जा. तीनपदरी आहेत, पाचपदरी आहेत, टीव्हीची दोन आहेत. पैसे नकोत. फक्त नाना दुपारी दोन ते चार झोपतात, त्या वेळात या; मिक्सरच्या खोक्याला हात लावू नका; आणि माळ्यावरून उतरवून घ्यायला शिडी लागेल, तेव्हा धरायला तुमचा माणूस तुम्हीच आणा.