आगीत उभे राहणाऱ्यांची बाजू

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या डंजनमध्ये पाच जण उतरतात. टँक मार खातो, तिघे मार देतात आणि हीलर सगळ्यांच्या रक्ताच्या पट्ट्यांवर डोळे लावून बसतो. बॉस दिसायला कसा आहे, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. ही कामाची वाटणी अत्यंत न्याय्य असल्याचे मार देणाऱ्या तिघांचे एकमत आहे.

या तिघांवर उगाच टीका होते. पायाखालची जमीन पेटली की बाजूला व्हावे, हे नवख्यालाही कळते. पण बाजूला होताना मारा क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात डॅमेजच्या यादीत शेजारचा पुढे जातो! त्यापेक्षा आगीतच उभे राहावे आणि हीलरला पुण्य कमवू द्यावे. त्याचा माना, म्हणजे जादूचा साठा, संपून आपण आडवे झालोच, तर चॅटमध्ये खणखणीत विचारावे, 'हील कुठंय?'

स्वतःवर उपचार करायची सोय नाही, असेही नाही. हंटरपाशी एक्झिलरेशन असते, पॅलाडिनपाशी वर्ड ऑफ ग्लोरी. पण ते बटण आपणच दाबायचे म्हणजे हीलरवर अविश्वास दाखवणे झाले. वॉरलॉक लढाईआधी सगळ्यांसाठी हेल्थस्टोन मांडतो. प्रत्येक जण नेमाने एक उचलतो आणि जपून ठेवतो. खेळातून बाहेर पडून १५ मिनिटे झाली की तो दगड आपोआप नाहीसा होतो, ते वेगळे. पोशन तर सोने मोजून घेतलेले, ते अडीअडचणीसाठी. मरण त्या अडचणींत धरत नाहीत.

असल्या मंडळींपायी हीलर व्हायला कोण तयार होणार? २०११ मध्ये वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझर्डने ज्या भूमिकेची टंचाई, तिला जादा बक्षिसाची थैली देऊ केली. गिल्ड वॉर्स २ या दुसऱ्या खेळाने २०१२ मध्ये खास हीलर ठेवलाच नाही. ज्याची जखम त्यानेच भरायची. २०१५ मध्ये तिथे इतरांना बरे करणारा ड्रुइड आला आणि लोक पुन्हा दुसऱ्याच्या जिवावर निर्धास्त झाले.

सगळ्यात कहर फायनल फँटसी १४ मध्ये झाला. तिथला वॉरिअर टँक मार खाता खाता स्वतःला इतका भरून काढतो की हीलरला हात चोळत बसावे लागते. जून २०२४ मध्ये काही हीलरांनी चक्क संपाची हाक दिली. कामाचा बोजा वाढला म्हणून नव्हे, कामच उरले नाही म्हणून!

ही बातमी ऐकून आगीतल्या आमच्या तिघांना गहिवरून आले. म्हणजे आपण इतकी वर्षे रोजगार हमी योजना चालवत होतो तर!

गैरसमज नको, मंडळी. संपकऱ्यांचे भांडण खेळ रचणाऱ्यांशी होते. तुमच्या आगीत काम मिळावे, असा अर्ज कुणी केलेला नाही. पोशन प्या. मेल्यावर ते बटण चालत नाही.