टेबलाखालचा पेंट शॉप

भोसरी एमआयडीसीतल्या मध्यम वर्कशॉपचं दार उघडलं की आधी दिसतो ‘फाइव्ह एस’चा फलक. मग कायझेनचा तक्ता, मग अग्निशामक, मग देवाचा फोटो. काचेच्या केबिनमध्ये मात्र ज्या संगणकावर ड्रॉइंग उघडतात आणि जीएसटीची बिलं निघतात, त्याच्या कॅबिनेटची एक बाजू सताड उघडी असते. समोर स्टुलावर टेबलफॅन, तीन नंबरवर. तीन उन्हाळ्यांपूर्वी तात्पुरता ठेवलेला. या उपायावर आजवर एकाही ऑडिटरने शेरा मारलेला नाही, म्हणून ही कार्यपद्धती.

टेबलफॅनचा दोष असा, की तो संगणकाला आगीतून काढून अक्षरशः फुफाट्यात घालतो. ग्राइंडिंगचा बीडाचा चुरा वीजवाहक असतो आणि मशिनच्या कूलंटचा तेलकट धूर त्याला मदरबोर्डवर नीट चिकटवून देतो.

तर पहिलं काम, कॅबिनेटच्या आतल्या पंख्याचं तोंड ओळखणं. ज्या बाजूने पाती मोकळी दिसतात तिकडून हवा आत ओढली जाते. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात तिकडून ती बाहेर पडते. काही पंख्यांच्या कडेवर बाणही कोरलेला असतो. एवढं सांगावं लागतं, कारण १२० मिलिमीटरच्या पंख्याची चारही भोकं चौरसात, १०५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि पंखा उलटाही तितक्याच आनंदाने बसतो. उलटा बसणारा ब्रॅकेट काढणाऱ्या डिझायनरला या औद्योगिक पट्ट्यात पोका-योके, म्हणजे चूक करताच येऊ नये अशी रचना, शिकवायला बसवतात. पंख्याला कोण बसवणार?

हवेची वाहतूक पुढच्या जाळीतून आत, मागून आणि वरून बाहेर. मोशीकडून आलेली गाडी सरळ राजगुरुनगरकडे निघून जावी तशी, फक्त मध्ये चाकणचा तळेगाव चौक नको. डब्यातला हा चौक केबलींच्या गुंत्याने तयार होतो; त्या मागच्या पत्र्याआड बांधाव्यात. वरच्या पंख्यांपैकी पुढचा बाहेर फेकणारा असेल, तर ताजी हवा प्रोसेसरपर्यंत न पोचताच वरच्या वर निघून जाते. ‘गरम हवा वर जातेच’ हे शाळेतलं ज्ञान खरं आहे, पण डब्यात तिचा तो स्वभाव इतका दुबळा असतो की मंद पंखादेखील तिला हवं तिकडे वळवतो.

खरी गोम दाबात आहे आणि इथे या पट्ट्याला शिकवणारं कुणी नको. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी आले. अशा कारखान्यांतल्या मोटारीच्या पेंट बूथमध्ये गाळलेली हवा वरून सोडतात, खालून ओढून घेतात आणि आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राखतात. मग फट राहिली तरी तिच्यातून हवा बाहेर पडते, धूळ आत येत नाही. डब्यातही तेच: जाळीमागे आत घेणारे दोन पंखे, बाहेर टाकणारा एक. मात्र जाळी तुंबली की त्या दोघांचा जोर ओसरतो, फेकणारा एकटा वरचढ ठरतो आणि डबा प्रत्येक भोकातून धूळ ओढू लागतो. दिवसा हा हिशेब करून पगार घेणारा इंजिनियर रात्री चिंचवडच्या घरी मुलाच्या गेमिंग पीसीत आत घेणारा पंखा उलटा बसवतो, कारण काचेतून त्याची दिव्यांची बाजू दिसली पाहिजे.

वेग वाढवण्याआधी एक गणित. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट येते, वीज मात्र आठपट लागते, आणि घरघर वेगळीच. म्हणून मोठा पंखा, सावकाश. चार पिनांचा घेतला तर मदरबोर्ड तापमान पाहून वेग स्वतः सांभाळतो.

सफाई गुरुवारी, म्हणजे भोसरीच्या सुट्टीच्या वारी. शॉप फ्लोअरवरचा कंप्रेसर वापरू नये. त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही येतं. मोह आवरलाच नाही तर निदान पातं बोटाने धरावं. मोकळा पंखा भन्नाट फिरून बेअरिंग गमावतो, शिवाय जनरेटर होऊन बोर्डाकडे उलटी वीज पाठवू शकतो.

तपासणीसाठी देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उसनी घ्यावी. धूर पुढच्या जाळीत शिरला आणि मागून निघाला, की काम पास. आधीचं आणि नंतरचं तापमान एकाच दिवशी, एकाच कामावर घ्यावं. ‘आधी’ एप्रिलमध्ये आणि ‘नंतर’ जानेवारीत, अशी सुधारणा कायझेनच्या तक्त्यावर शोभते. केबिनच ४० अंशांवर असेल तर कुठलाही पंखा डब्याला त्याखाली नेणार नाही.

राहता राहिला बाजूचा पत्रा. तो तीन वर्षं चहाचा ट्रे होता, धुऊन परत बसवावा. त्याचे स्क्रू हरवलेले असतात, आणि कॅबिनेटला बहुधा ६-३२ हे इंची आटे लागतात. वर्कशॉपातले सगळे डाय मेट्रिक. तेव्हा सेकंड शिफ्टच्या टर्नरला सांगून लेथवर दोन स्क्रू काढून घ्यावेत. जॉब कार्डावर पार्टीचं नाव ‘ऑफिस’.