आत आणि बाहेर

मतपेट्या पळवणे, मृतांच्या नावावर मते टाकणे, मोजणीच्या ऐन वेळी दिवे घालवणे ही आपल्या परिचयाची गावरान कला होय. १९५९ पासून आजतागायत ज्या सिंगापूरचा कारभार एकट्या पीपल्स ॲक्शन पार्टीकडे आहे, त्याने असल्या ओंगळ वाटेला जाण्याचे कारणच काय? जेथे कायदाच इतका आज्ञाधारक, तेथे तो मोडण्याची तसदी घेणे हा निव्वळ अपव्यय ठरावा.

तेथे मतदान सक्तीचे आहे. मात्र १९८८ पासून आलेल्या गटमतदारसंघांच्या पद्धतीमुळे बहुतेक ठिकाणी पाच-सहा जणांचा ताफा, त्यात अल्पसंख्याक समाजाचा निदान एक इसम, आणि प्रत्येकाची अनामत रक्कम, एवढी जमवाजमव विरोधकांना साधेना. परिणामी २००१ साली ८४ पैकी ५५ जागी दुसरा उमेदवारच उरला नाही, तेथील मतदारांची सक्तीतून आपोआप सुटका झाली, आणि अर्ज दाखल करण्याच्या दिवशीच राज्य कोणाचे हे ठरून मांडव पडण्यापूर्वीच वऱ्हाड जेवून मोकळे झाले.

परंतु या शास्त्रातील खरा अलंकार १९९७ चा. चेंग सान या गटमतदारसंघात चुरस होती. तेथे उमेदवार नसलेले पंतप्रधान गोह चोक टोंग आणि त्यांचे काही सहकारी मतदानाच्या दिवशी थेट मतदान केंद्रांत वावरताना दिसले, म्हणून विरोधकांनी फिर्याद केली. केंद्राबाहेर थांबू नये, केंद्रापासून २०० मीटरच्या परिघात रस्त्यावर रेंगाळू नये, असे कलम स्पष्ट होते. त्यावर सरकारच्या सर्वोच्च विधिज्ञांनी जो अभिप्राय दिला, त्यापुढे आमचे सारे नैयायिक पाणी भरतील: जो मनुष्य केंद्राच्या आत आहे तो बाहेर थांबलेला नाही, आणि परिघातल्या रस्त्यावर रेंगाळतही नाही, सबब गुन्हा नाही. दिव्याखाली अंधार असतो हे आम्हांस ठाऊक होते, परंतु त्या अंधाराला कायदेशीर हद्द आखून देण्याचे श्रेय सिंगापूरचेच.

सत्तापक्षाने ती लढत ५४.८ टक्के मतांनी जिंकली. पुढची निवडणूक आली तेव्हा मतदारसंघांच्या फेररचनेत चेंग सान हा मतदारसंघच दफ्तरातून नाहीसा झाला होता, आणि त्याचे तुकडे शेजाऱ्यांत वाटले गेले होते. त्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण, हा वाद पुन्हा उकरून काढण्यास जागाच राहिली नाही.