हुकमाचा कारकून

लास व्हेगासला दर उन्हाळ्यात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरते. तिची मुख्य स्पर्धा 2003 साली जिंकली ती टेनेसीतल्या एका हिशेबनिसाने. नाव क्रिस मनीमेकर. आडनाव खरंखुरं, घराण्यातून आलेलं. पुढच्या वर्षी जिंकला ग्रेग रेमर, पेटंटची कागदपत्रं तपासणारा वकील. त्याच्या पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा जो हाशेम, पूर्वाश्रमी लोकांचे मणके सरळ करून पोट भरणारा. सिनेमातला पोकरवाला कसा, तोंडात चिरूट, कमरेला पिस्तूल, डोळ्यांत थंडपणा. प्रत्यक्षात गादीवर बसली ती जमाखर्च जुळवणारी आणि कलम-पोटकलम वाचणारी माणसं. मला हा योगायोग वाटत नाही. पोकरची मोठी स्पर्धा हा जुगाऱ्यांचा खेळ नाहीच, तो कारकुनांचा आहे. आणि लाखो रुपये भरून तिथे गेलेला हौशी खेळाडू हरतो तो छाती कमी पडली म्हणून नव्हे. कारकुनी कमी पडली म्हणून.

आधी आकडे मांडू. 2024 साली या स्पर्धेला 10,112 माणसं बसली. प्रवेशशुल्क 10,000 डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वाआठ-साडेआठ लाख रुपये. त्यातले 700 डॉलर आयोजकांनी ठेवून घेतले आणि बाकीच्यांतून बक्षिसं निघाली; कुणा साबणवाल्याची थैली मागे नव्हती. बक्षीस मिळतं शंभरातल्या पंधराजणांना. उरलेले पंच्याऐंशी हे त्या पंधरांचे आश्रयदाते, फक्त त्यांच्या नावाचा फलक कुठे लागत नाही. आता दिवसाचा हिशेब. दोन-दोन तासांचे पाच टप्पे, म्हणजे दहा तास बैठक. तासाला फार तर तीस डाव होतात, म्हणजे दिवसाला तीनशे. शहाणा खेळाडू त्यातले पाचातले चार डाव खेळतच नाही. दोन पत्ते येतात, तो तळहाताचा आडोसा करून अंगठ्याने त्यांचा कोपरा वाकवतो, सत्ती आणि दुर्री दिसते, पत्ते पुढे सरकवतो. पुन्हा पत्ते येतात, पुन्हा कोपरा, गुलाम आणि तिर्री, पुन्हा सरकवतो. हातात दोन एक्के येण्याचा योग 221 डावांत एकदा, म्हणजे दिवसातून जेमतेम एकदा. तेवढ्यासाठी दहा तास बसायचं. मध्ये वीस मिनिटांची सुटी मिळते, ती मुतारीच्या रांगेत जाते. हजारो माणसं बोटांनी चिप्स खेळवत असल्यामुळे सभागृहात सतत एक किरकिर असते. ज्यांची पाठ धरते त्यांच्यासाठी मिनिटावर पैसे घेऊन खांदे रगडून देणारी माणसं टेबलांमधून फिरतात. दिवस संपला की उरलेल्या चिप्स मोजायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या, नाव आणि आकडा लिहायचा, सही करायची, पिशवी सीलबंद करून सोपवायची. या वर्णनात जुगाराचा अड्डा कुठे आहे? ही तर ट्रेझरी आहे.

हौशी माणूस नेमका इथेच फसतो. तो आलेला असतो मर्दुमकी गाजवायला. विमानाचं भाडं भरलेलं, रजा मंजूर करून घेतलेली, मित्रांना सांगून झालेलं. सकाळी तो नीट वागतो, कारण घाबरलेला असतो. दुपारनंतर भीती ओसरते आणि कंटाळा चढतो. सहाव्या-सातव्या तासाला त्याच्या मनात एक वाक्य उगवतं: ‘इतक्या लांब काय नुसते पत्ते टाकायला आलो?’ मग राजा आणि नव्वी त्याला एकाएकी देखणी वाटू लागते. समोरचा गॉगलवाला पोरगा आपल्याला हूल देतोय, हे त्याला आतून कळतं. चिप्सचा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटण्यात जे समाधान आहे ते मिळतं आणि पाच मिनिटांत तो दाराबाहेर असतो. गंमत म्हणजे हाच गृहस्थ आपल्या कचेरीत एखाद्या फाइलवर तीन महिने निश्चल बसू शकतो. सहकाऱ्याने कितीही डिवचलं तरी ‘बघू, करू’ यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली ही सिद्धी, आणि जिथे तिला दहा लाख डॉलरचा भाव येऊ शकतो तिथेच हा तिला घरी ठेवून येतो.

यावर जाणकार लगेच मनीमेकरलाच साक्षीला काढतील. त्याने शेवटच्या दोघांत उरल्यावर सॅम फारहासारख्या मुरलेल्या व्यावसायिकासमोर, हातात राजा-सत्ती आणि जुळलेलं काहीही नसताना, सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती. त्याने विचार करकरून ती टाकली. ही कारकुनी म्हणायची? डाव खरा आहे, थरारकही आहे. पण 839 खेळाडूंच्या स्पर्धेत, कित्येक दिवसांच्या बैठकीनंतर आलेला तो एक डाव आहे, आणि तो लक्षात राहिला त्याला टेबलाच्या कडेला बसवलेले कॅमेरे कारण आहेत. लपवलेले पत्ते प्रेक्षकाला दिसू लागले तसा पोकर घरोघर पोचला. त्या वर्षीचे 839 खेळाडू पुढच्या वर्षी 2,576 झाले आणि 2006 साली 8,773. यातले बरेचसे टीव्ही पाहून आले होते. टीव्हीने त्यांना डाव दाखवले. डावांच्या मधलं पत्ते टाकणं कापलं होतं. आणि एक विसरायला नको, मनीमेकर इंटरनेटवरची 86 डॉलरची पात्रता फेरी जिंकून आला होता. दहा हजारांचं काम श्याऐंशीत करून घेणाऱ्या माणसाला धाडसी म्हणण्याआधी मी त्याचं व्हाउचर तपासेन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेवटी सगळं नशीबच ना? हो, बरंचसं. समजा आपला साहेब नीट बसला, योग्य वेळी योग्य पत्त्यांवर सर्वस्व लावलं आणि दर वेळी जिंकायची शक्यता शंभरात ऐंशी होती. असं पाच वेळा केलं तर पाचही वेळा तरून जाण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे सगळं बरोबर करूनही तीनातले दोघे बुडणार, आणि दहा हजारांच्या गर्दीतून वर यायला पाच वेळा पुरतही नाही. पण यातून कारकुनीचं महत्त्व कमी होत नाही. ऐंशीची बाजू आपल्याकडे येईपर्यंत थांबणाऱ्यालाच नशिबाकडे दाद मागता येते. जो वीसच्या बाजूने उभा राहतो त्याचा अर्ज छाननीतच बाद. नुसतं बसूनही भागत नाही, हे मात्र कबूल. दर दोन तासांनी सक्तीची बोली वाढते आणि महागाईसारखी चिप्स कुरतडते. पण महागाईत घर चालवणं हे काय पराक्रमी पुरुषांचं काम आहे?

जुगार घरदार बुडवतो, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सन्माननीय. रोखीच्या डावाबद्दल तो खराच आहे. तिथे घड्याळ, गाडी, सातबारा काहीही टेबलावर येऊ शकतं. स्पर्धेत मात्र सुरुवातीला मिळणाऱ्या 60,000 चिप्सवर बाहेर चहाचा कपही मिळत नाही. त्या संपल्या की उठायचं. मुख्य स्पर्धेत दुसऱ्यांदा पैसे भरून बसायची सोय नाही. हस्तिनापुरात ही पद्धत असती तर धर्मराज दुपारपर्यंत बाद झाला असता, फी गमावून भावांबरोबर जेवायला गेला असता, आणि व्यासांना सभापर्वाच्या पुढे फारसं काही लिहायला उरलं नसतं. धोका असलाच तर तो बाद झाल्यानंतरच्या संध्याकाळी असतो. दुखावलेला मान, मोकळा वेळ आणि दाराबाहेर रांगेने मांडलेली कॅसिनोची टेबलं.

कारकुनीचा परमोच्च बिंदू पाहायचा तर बक्षिसाची रेघ जवळ येते तेव्हा पाहावा. समजा दीड हजारांना बक्षीस आहे आणि पंधराशे एक जण शिल्लक आहेत. अशा वेळी प्रत्येक टेबलावर एकच डाव वाटतात आणि सगळ्या सभागृहातले डाव संपेपर्यंत सगळे थांबतात. कुणी श्वास रोखून, कुणी सँडविच खात. ज्याच्यापुढे चार चिप्स उरल्यात तो सत्ती-दुर्री टाकायलाही मिनिटभर विचार करतो. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा कुणी मेला तर बरं. सगळ्यांत खालचं बक्षीस 15,000 डॉलर. त्यातून शुल्क, विमान, हॉटेल आणि कर वजा केला की उरतो तो प्रवासभत्ता. रेघेच्या एकच पाऊल अलीकडे जो पडतो त्याला पुढल्या वर्षीचा प्रवेश फुकट द्यायची प्रथा आहे. अनुकंपा तत्त्व लास व्हेगासपर्यंत पोचलेलं आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असेल.

लेखकांचाही इथे वावर आहे. जेम्स मॅकमॅनस याला ‘हार्पर्स’ मासिकाने 2000 साली वार्तांकनाला धाडलं. त्याने मिळालेली उचल पात्रता फेरीत लावली आणि थेट पाचवा आला, 2,47,760 डॉलर घेऊन. हौशी माणसाची ही कमाल. पण तो पुस्तकं वाचून आणि कॉम्प्युटरवर घोटून गेला होता. परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखा. कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेड 2011 साली उतरला, त्याला छदामही मिळाला नाही, मात्र पुस्तक मिळालं. हरलेल्या हौशाला स्वतःची हार विकता येते. व्यावसायिकाला ती सोय नाही. त्याच्या हारीत कुणाला रस नसतो.

आपल्याकडे हा कारकुनी स्वभाव उपजत असूनही खेळाडू कमी निपजले याचं खापर अनेकजण संस्कारांवर फोडतात. मला ते पटत नाही. गणपतीच्या जागरणाला रात्रभर रमी कुटणाऱ्या समाजाला पत्त्यांचं सोवळं नाही. रमी कौशल्याचा खेळ आहे, असं तर सर्वोच्च न्यायालय 1967 सालीच म्हणून चुकलंय. अडचण आहे ती सरकार आपल्याहून मोठा खेळाडू निघालं ही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला आणि तो अमलातच आणला नाही. त्याच 1976 साली गोव्याने जुगाराला बंदी घालणारा कायदा केला, 1992 आणि 1996 साली त्यात दुरुस्त्या केल्या, आणि आज मांडवीत कॅसिनोची जहाजं रोषणाई करून उभी आहेत. बंदीचा कायदा असलेल्या राज्यात कॅसिनो, परवानगीचा कायदा असलेल्या राज्यात एकही नाही. महाराष्ट्राने आपले पत्ते सत्तेचाळीस वर्षं छातीशी धरून ठेवले, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, आणि 2023 साली तो कायदा रद्द करून ते टाकून दिले. खेळायचं असेल त्याने पणजीची गाडी पकडावी.