नाथसागर पायी कसा बघावा

आल्प्समधल्या धरणाच्या तळ्याभोवती फिरायला फारशी अक्कल लागत नाही. दगडांवर लाल-पांढरे पट्टे ओढलेले असतात, फाट्यावर पाटी असते, पुढच्या मुक्कामाला किती वेळ लागेल तेही पाटीवर लिहिलेलं असतं, आणि दमलात तर वर कॉफी मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. तळं मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं मिळतं. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं तळं, काठोकाठ भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो; आल्प्समधलं कुठलंही धरण त्याच्या एका कोपऱ्यात हरवून जाईल.

खालच्या सूचना त्यांच्यासाठी आहेत, जे जन्मभर या तळ्याचं पाणी पीत आले पण त्याच्या काठावरून कधी चार पावलं चालले नाहीत. म्हणजे जवळजवळ सगळ्या शहरासाठी.

सुरुवात टक्क्यांपासून करा. जुलै उजाडला की पानटपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच विचारणा असते, ‘जायकवाडी किती झालं?’ उत्तर टक्क्यांत येतं आणि ऐकणारा मान डोलावतो. कशाचे टक्के, हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा, कारण तुम्हाला तिथं चालायचं आहे. धरणात एकूण पाणी मावतं सुमारे १०२ टीएमसी. त्यातलं तळाचं २६ टीएमसी म्हणजे मृतसाठा; तो हिशोबात धरत नाहीत. उरलेल्या ७६ टीएमसीवर टक्के काढतात. त्यामुळं मे महिन्यात पेपरात ‘जायकवाडी शून्यावर’ असं छापून आलं तरी तळं जागेवरच असतं. शहर तेव्हाही त्यातलंच पाणी पितं, फक्त त्या पाण्याचं नाव मृत.

चालणाऱ्यानं ही आकडेवारी अशी वाचावी. शंभर टक्के, म्हणजे पातळी १५२२ फूट : पाणी थेट उसाच्या फडाला भिडलेलं, पाय ठेवायला जागा नाही, घरी बसा. साठ-सत्तर टक्के : उत्तम. तीस टक्के : जागाच जागा, फक्त तळं सापडत नाही. तुम्ही तासभर तळ्याच्या तळावरूनच चालत असता आणि पाणी अजून ‘त्या तिकडं’ चमकत असतं. याला कारण आहे. आल्प्समधलं धरण खोल दरीत बांधलेलं असतं. पाणी पन्नास मीटर उतरलं तरी काठ फार लांब पळत नाही. आपलं धरण पठारावर, ताटात ओतलेल्या आमटीसारखं. पाणी मीटरभर उतरलं की काठ अर्धं शिवार ओलांडून जातो. म्हणून मोबाइलवरच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. त्यावरचा निळा रंग उपग्रहानं कुठल्या तरी बऱ्या वर्षी काढलेल्या फोटोचा असतो.

आता बर्फाचं. डोंगरातल्या तळ्यांना वितळलेलं बर्फ भरतं, तसं आपल्या तळ्यालाही डोंगरच भरतो. तो शेजारच्या जिल्ह्यांच्या पार पलीकडच्या टोकाला आहे एवढंच. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून गोदावरी येते, वाटेत गंगापूर धरणात थांबते, दारणा धरणातून आलेलं पाणी सोबत घेते, नांदूर मधमेश्वरला बंधाऱ्याचा पाहुणचार घेते आणि मग आपल्याकडं वळते. प्रवरा भंडारदऱ्याहून येते. त्या हिशोबानं नाथसागराचं हिमशिखर म्हणजे कळसूबाई, उंची १६४६ मीटर. वर बर्फ नसतं, रविवारी रांग असते. वरची धरणं भरली की खाली पाणी सुटतं, आणि न भरल्यास २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याकडं बघावं लागतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्यांनी पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र आहे. सूत्र आलं की याचिका आल्या. आल्प्समधलं तळं भरायला ऊन पडावं लागतं, आपलं भरायला निकाल लागावा लागतो.

पायांना सवय म्हणून आधी आठवडाभर गोगाबाबा टेकडी चढा. दम लागतो, पण खाली आल्यावर मिळणाऱ्या पोह्यांच्या मानानं फार नाही.

मग पैठणची एसटी पकडा. मोबाइलमध्ये नुसतं ‘जायकवाडी गाव’ शोधू नका, बीड जिल्ह्यात पोहोचाल. धरण मुळात तिथं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं जुनंच राहिलं. पैठण रस्त्याला लागलात की कडेनं जलवाहिनी दिसेल. नव्या योजनेच्या पाइपाचा व्यास अडीच मीटर, त्यात उंच माणूसही ताठ चालेल. तळ्यापासून शहरापर्यंतची सगळ्यात आखीव वाट तीच, पण ती पाण्यासाठी राखीव आहे. फारोळ्याला पाणी शुद्ध होतं आणि तिथून पुढं आपल्या नळाला कधी पोहोचेल, तो पंचांगाचा विषय.

पैठणला उतरलात की पहिली परीक्षा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, ते जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण समोर असतं. सत्तावीस दरवाजे. बहुतेक नवशिके इथंच संपतात. दरवाजे उघडले असतील तर सेल्फी, बंद असतील तर संत ज्ञानेश्वर उद्यान, मग नाथांच्या समाधीचं दर्शन आणि परतीची गाडी. भिंतीवरून चालत जाऊ असं मनात आणू नका, परवानगीशिवाय जाता येत नाही. तुम्हाला जायचंय ते भिंतीच्या मागं, फुगवट्याकडं. हा काठ वर पार कायगाव टोक्यापर्यंत जातो. पलीकडचा काठ शेवगाव-नेवाशाचा, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याचा. पूर्ण फेरी मारायचा विचार असेल तर आपण पाणीवादाच्या दोन्ही बाजूंना भेट देतोय हे लक्षात ठेवा आणि पलीकडं गेल्यावर टक्क्यांचा विषय काढू नका.

बुटांबद्दल दुकानदार पुष्कळ सांगेल. गोरेटेक्स, पकड, घोट्याला आधार. हे सगळं काळ्या मातीला माहीत नाही. पाणी नुकतंच ओसरलेल्या गाळावर पाऊल टाकलं की पहिल्या पावलाला बुटाला पातळ थर चिकटतो. दुसऱ्या पावलाला त्या थराला दुसरा थर. दहाव्या पावलापर्यंत तुम्ही चार बोटं उंच झालेले असता आणि प्रत्येक पाय किलोभर वजन उचलत असतो. काडीनं खरवडलं तर काडी मोडते. अनुभवी माणूस बूट काढून हातात घेतो, आणि तेवढ्यात त्याला वेडी बाभूळ भेटते. तिचा काटा बुटाच्या तळव्यातूनही वर येतो, अनवाणी पायाचं तर विचारूच नका. मातीचा वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला दिसला म्हणजे खाली टणक असेल, असंही नाही. जिथं गुरांच्या खुरांचे ठसे आहेत तिथंच पाय टाका. म्हैस गेली असेल तर तुम्हीही जाल.

लाल-पांढरे पट्टे नाहीत म्हणून घाबरू नका. इथं खुणा म्हणून पाइप आहेत. काठावरच्या प्रत्येक शेतकऱ्याचा एक पाइप तळ्याकडं जातो, सोबत काळी केबल. कुठलाही एक पकडा आणि त्याच्या कडेनं चाला, पाणी सापडणारच, कारण ते सापडावं म्हणून कुणी तरी कर्ज काढलेलं असतं. पाणी मागं सरकलं की मोटार पुढं न्यावी लागते, तेवढ्यानं भागलं नाही तर चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावं लागतं. हे चर ओलांडताना सांभाळा, वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात. वाटेत बाभळीच्या खांबाला लटकलेली स्टार्टरची पेटी दिसेल. दारावर हळदीकुंकवाचं बोट, आत पालीचं बिऱ्हाड. दिवसभरात तुम्हाला मिळणारी सावली या पेटीएवढी. टोपी घाला.

माणसं भेटतील. या भागात कुणी मजेखातर चालतो ही कल्पना अजून पोहोचलेली नाही, त्यामुळं संवाद ठरलेला असतो.

‘गाडी बंद पडली का?’

‘नाही, असंच पायी चाललोय.’

‘कामून?’

इथं ‘निसर्ग बघायला’ असं उत्तर देऊ नका. समोरचा तुमची पाठपिशवी, काठी, गळ्यातली दुर्बीण बघतो आणि त्याचा चेहरा बदलतो. ‘मोजणीवाले हायेत का?’ ज्या गावांची जमीन एकदा मोजून गेली, तिथं दुर्बीण घेऊन येणारा माणूस साधा नसतो. ‘पाखरं बघायलोत’ म्हणावं. पाखरं बघणारे वेडे असतात हे आता काठाला ठाऊक आहे, चहाही मिळतो.

आणि पाखरं खरंच बघा. जायकवाडीला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित येतात, बदकांचे थवे येतात, आणि येतो पट्टकादंब हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. मध्य आशियातून, तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून तो इथं उतरतो. या सगळ्या काठावर खऱ्या हिमशिखरांचा अनुभव असलेला भटक्या हा एकटाच. एवढा हिमालय पार करून आल्यावर तो काय करतो? कोवळा हरभरा खातो. शेतकऱ्याला त्याचं कौतुक का नाही, हे आता कळलं असेल.

थंडीचा हंगाम चालायला उत्तम, पण त्यात एक धोका आहे : हुरडा. डिसेंबर-जानेवारीत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणसांचा वास आला की नवशिक्याचा मोर्चा वळतो. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर दही. एवढं झाल्यावर पुढं कुणी चालल्याचं ऐकिवात नाही. म्हणून आधी चाला.

शेवटची सूचना गमतीची नाही. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, ज्वारी, कलिंगडं पेरलेली दिसतील. याला गाळपेर म्हणतात. सरकार ही जमीन एकेका हंगामासाठी कसायला देतं, आणि नियमानं तिच्यावर पहिला हक्क असतो तो ज्यांची शेतं धरणात गेली त्यांचा. म्हणजे समोर वाकून खुरपणारी बाई कदाचित सासऱ्याच्याच बुडालेल्या वावरात काम करत असेल, भाडं भरून, पाणी परत येईपर्यंत. या शेतांना कुंपण नसतं, बांधही नसतो, त्यामुळं सरळ पाण्याकडं जाणारी सगळ्यात जवळची वाट त्यांच्यातूनच जाते. ती घेऊ नका. लांब पडलं तरी पिकाच्या कडेनं जा.