रंगीत कांड्यांचा कारभार

ज्या बंगळूरची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती, त्या नगरीत आमच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचाच काय तो मुलूख आला असला, तरी त्यातील दिवाणखान्यावर दोन्ही नातवंडांनी कबजा करून माझ्या आरामखुर्चीची गच्चीकडे रवानगी केली, यास कारण ती वस्तू, जिला सूनबाई ‘गणिताचं साहित्य’ असे आदराने म्हणतात.

या सरंजामात चन्नपट्टणच्या कारागिरांनी लाखेने रंगविलेल्या मण्यांची चौकट आहे, एक तराजू आहे, अपूर्णांक दाखविणाऱ्या लाकडी चकत्या आहेत, आणि जॉर्ज क्विझनेर नामक बेल्जियन शिक्षकाने ज्यांवर १९५२ साली पुस्तिका प्रसिद्ध केली, त्या एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक लांबीस निराळा रंग असलेल्या कांड्याही आहेत. मूर्तातून अमूर्ताकडे जावे, हे त्यामागील तत्त्व. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा माँटेसरीबाईंचे हेच तत्त्व शंखशिंपले, खडे आणि बिया यांवर भागविले होते; आमच्या घरी मात्र त्याची पावती चार आकडी झाली. स्वतः माझे शिक्षण पावकी, निमकी, पाऊणकी ते थेट औटकीपर्यंत केवळ घशाच्या बळावर झाले असून, त्यांपैकी औटकीने पुढील आयुष्यात मला एकदाही दर्शन दिलेले नाही.

बालकांचे म्हणाल, तर मूर्तातून अमूर्ताकडे जाण्याची त्यांना तिळमात्र निकड नसते; ती एका मूर्तातून दुसऱ्या मूर्तात जातात. अपूर्णांकांच्या चकत्या आल्या त्याच दिवशी बाहुल्यांचे डोसे झाल्या. मण्यांची चौकट आडवी होऊन मालमोटार म्हणून रुजू झाली. तराजूच्या एका पारड्यात माझा चष्मा आणि दुसऱ्यात माझे दात ठेवून कोण जड, याचा निकाल लावण्यात आला. (दात जड ठरले.)

कांड्यांची मात्र मेट्रो झाली. एके सायंकाळी मी दोन तांबड्या कांड्या एकीपुढे एक ठेवून, ‘या दोघी मिळून कोणत्या कांडीएवढ्या होतील बरं?’ असा प्रश्न शक्य तितक्या मधाळ स्वरात यूकेजीतल्या नातवास विचारला असता, त्याने मान वर न करता ‘आबा, तुमचा पाय व्हाइटफील्डवर आलाय’ एवढेच मला कळविले. जांभळ्या कांड्यांची मार्गिका चल्लघट्टहून निघाली होती, हिरव्यांची मादावरहून. मॅजेस्टिकला दोन्ही एकमेकींना छेदतात तेथे पांढरा ठोकळा बसला होता. आणि बैय्यप्पनहळ्ळीच्या सुमारास जांभळ्या कांड्या संपल्या. क्षणभर त्याने रुळांकडे पाहिले, माझ्याच हातातील त्या दोन तांबड्या काढून घेतल्या आणि एका जांभळीच्या जागी केसभराचेही अंतर न पडू देता बसविल्या. दोन आणि दोन चार होतात, हे मला सांगणे त्याने नाकारले होते. प्रवाशांची गैरसोय होते म्हटल्यावर ते त्याने करून टाकले. दुसरीतील नातीने ‘लाल मेट्रो अजून झालीच नाहीये’ अशी रास्त हरकत नोंदविली, तेव्हा ‘काम चालू आहे’ या उत्तराने त्याने ती फेटाळली, आणि बंगळूरचा रहिवासी या नात्याने मला त्यात काही खोडता आले नाही.

गरजेवाचून बेरीज नाही, हे एकदा पटले की भागाकाराविषयी अधिक सांगावयास नको. कारण मालमत्तेचा तंटा हीच त्याची खरी जन्मभूमी, आणि भावंडे म्हणजे जन्मजात पक्षकार. गेल्या रविवारी डब्यात मैसूरपाकाची एकच वडी उरली. ‘एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं’ हा जगन्मान्य तोडगा मी सुचविताच, कापणाऱ्याने भोळे असून चालत नाही हे ओळखून, नातीने मेट्रोचे रूळ उखडून आणले आणि वडीशेजारी एकेक कांडी लावून पाहिली. काळी तंतोतंत जुळली. म्हणजे सात. तीनाची एक पोपटी कांडी भावाची, तशीच एक आपली, असे मोजून तिने सुरी चालविली, आणि मधोमध पांढऱ्या ठोकळ्याएवढा एक सेंटिमीटर बेवारस पडला. क्विझनेरसाहेबांच्या हेतूबरहुकूम त्या कांड्या आमच्या घरात प्रथमच वापरल्या जात होत्या, तुपाने माखल्या होत्या एवढेच.

‘बाकी एक,’ मी म्हणालो, ‘ती कोर्टफी.’

‘पण आबा, त्याचे पण दोन करता येतात. अर्धा-अर्धा!’

साखरेबाबत सूनबाईंचा मनाईहुकूम जारी असल्याने विलंब धोक्याचा होता. अपूर्णांक पुढच्या यत्तेत असतात, तोवर एकाचे तुकडे कायद्याने होत नाहीत, असा निवाडा मी तत्काळ दिला. आणि ती पुराव्यादाखल बाहुल्यांचे डोसे आणावयास धावली, तेवढ्या अवकाशात वादग्रस्त मिळकत सरकारजमा केली.